वाट देणारा पूल

चेन्नईहून संध्याकाळी सुटलेली रामेश्वरची गाडी कुंभकोणमला येते ती मध्यरात्र उलटल्यावर. तिची वाट पाहणाऱ्यांच्या सामानावरून त्यांची यात्रा ओळखता येते. चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर अशी देवळं करत निघालेल्यांकडे प्रसादाच्या पुड्या आणि विभूतीची पाकिटं. काशी आधीच करून आलेल्यांकडे गंगाजलाचे डाख लावलेले छोटे तांबे, कापडात गुंडाळून उराशी धरलेले. गाडीचं कागदोपत्री नाव काहीही असो, फलाटावर तिला अजून बोट मेल म्हणतात. ज्या धक्क्यावरून श्रीलंकेची बोट सुटायची तो धनुष्कोडीचा धक्का १९६४ साली समुद्राने नेला. नाव तेवढं रुळांवर राहिलं.

संपादकांनी यंदा विषय दिला ‘वाट’. मला आठवली ती या गाडीच्या शेवटच्या टप्प्यातली वाट, जी जहाज आलं की स्वतः बाजूला होते. पांबनच्या खाडीवरचा रेल्वेपूल. १९१४ सालापासून या पुलाचा मधला तुकडा रुळांसकट वर उचलला जातो, जहाजं जातात, तुकडा पुन्हा खाली येतो, मग गाडी जाते. तमिळमध्ये त्याला ‘तूक्कुप्पालम’ म्हणतात, उचलायचा पूल. जुना तूक्कुप्पालम आता निवृत्त झालाय आणि शेजारी नवा उभा आहे. दोघांना एकत्र पाहण्याची संधी फार दिवस राहणार नव्हती, म्हणून निघालो.

कुंभकोणमहून निघण्याला कारण होतं. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत ते भोसल्यांच्या घराण्यात राहिलं. त्या राज्याच्या सावलीत कावेरीकाठी स्थिरावलेली मराठी कुटुंबं कुंभकोणमात आजही आहेत. इंदूर आणि बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्याला ठाऊक असलेले राजा सर टी. माधवराव १८२८ साली इथेच जन्मले. पुलाआधी रामेश्वरची वाट कशी चालायची, याचा पहिला धागा याच मुलखात सापडतो.

छत्रांची वाट

एकनाथांनी काशीहून आणलेली कावड रामेश्वरच्या वाटेवर तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना माहीत असते. त्या गोष्टीत वाटेची लांबी गृहीत धरलेली आहे. काशीचं पाणी रामेश्वराला घालायचं, सेतूची वाळू परत नेऊन गंगेत सोडायची, आणि या येरझारीत कित्येक महिने जायचे. तंजावरच्या मराठ्यांनी या वाटेवर छत्रं बांधली. मुक्काम, जेवण, आजाऱ्याला औषध, काही ठिकाणी शाळासुद्धा. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की ओरत्तनाडूला दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातलं मुक्तांबाळ छत्र आहे. मी गेलो तेव्हा त्याच्या दगडी खांबांना टेकून दोन शाळकरी मुलं मोबाइलवर क्रिकेट बघत बसली होती. त्याच किनाऱ्याला, पाल्कच्या उपसागरावर, सरफोजींनी ‘मनोरा’ नावाचा बुरूज उभारला. निमित्त होतं इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेला विजय! राजाला समुद्र बघायला आवडत असावा. निमित्त काय, कुठलंही चालतं.

छत्रांची वाट मंडपमला संपायची. पुढे पाणी. रामेश्वर बेटावरच्या देवळाच्या नोंदींचा दाखला देऊन असं सांगतात, की पंधराव्या शतकापर्यंत बेट जमिनीला चिकटलेलं होतं आणि एका वादळाने मधला पट्टा तोडला. ते खरं असो-नसो, मधल्या दोन किलोमीटरांत होडीला पर्याय नव्हता. स्वामी विवेकानंद जानेवारी १८९७ मध्ये पश्चिमेहून परतले ते श्रीलंकेवरून पांबनलाच उतरले, तेव्हाही पूल नव्हता. रामनाडच्या राजाने त्यांचं स्वागत केलं आणि पुढे काही दिवसांतच त्यांचं कुंभकोणमला व्याख्यान झालं. म्हणजे मी ज्या वाटेने चाललो होतो, तिच्यावरून ते उलटे आले.

तरीही पूल यात्रेकरूंसाठी बांधला गेला, असं समजणं भाबडेपणाचं होईल. साउथ इंडियन रेल्वे कंपनीची नजर श्रीलंकेवर होती. तिथल्या चहाच्या मळ्यांना मजूर लागत आणि ते याच भागातून जात: तिरुचिरापल्ली, तंजावर, पुदुक्कोट्टै, रामनाड. आधी मद्रासहून गाडीने तुतिकोरिन आणि तिथून आगबोटीने कोलंबो असा लांबचा पल्ला होता. रूळ बेटावर नेले आणि बेटाच्या टोकापर्यंत, धनुष्कोडीपर्यंत, वाढवले, तर पलीकडच्या तलैमन्नारपर्यंत उरतं जेमतेम पस्तीस किलोमीटर पाणी. मंडपमच्या अलीकडच्या स्थानकाचं नाव आजही ‘मंडपम कॅम्प’ आहे. श्रीलंकेच्या सरकारने तिथे मजुरांसाठी तळ उभारला होता. मळ्यावर जाण्याआधी तिथे अडकवून ठेवायचं, तपासायचं, टोचायचं आणि मग सोडायचं. बोट मेलच्या पहिल्या वर्गातल्या साहेबांच्या आठवणी पुष्कळ छापल्या गेल्या आहेत. तळावरून तिसऱ्या वर्गाने गेलेल्यांच्या फारशा नाहीत.

पूल सुरू झाला २४ फेब्रुवारी १९१४ रोजी. तीन आठवड्यांनी, १७ मार्चला, कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर वाढलेला श्रीनिवास रामानुजन मद्रासच्या धक्क्यावरून केंब्रिजकडे निघाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण कावेरीकाठच्या माणसांसाठी समुद्र ओलांडण्याचे दोन दरवाजे त्या एका मोसमात उघडले, आणि दोन्हींच्या गर्दीत जमीन-अस्मानाचा फरक होता.

पूल उंच का नाही बांधला?

मंडपम सोडल्यावर गाडी हळू होते. जमीन सपाट, बाभळी, वाळू, ताडाची झाडं, आणि मग अचानक दोन्ही बाजूंना पाणी. डब्यातले सगळे दाराशी येतात. उजवीकडे वर रस्त्याचा पूल कमान करून चढत गेलेला दिसतो. तो १९८८ साली २ ऑक्टोबरला सुरू झाला. त्याच्यावर बस, ट्रक, दुचाकी चढतात, मधोमध थांबून लोक खाली बघतात आणि पोलीस शिट्ट्या मारतात. तो पूल मधे इतका उंच आहे की जहाजं खालून जातात आणि त्याला काही उघडमीट करावी लागत नाही.

मग रेल्वेचाच पूल तसा का नाही? आगगाडीला चढ सोसत नाही. शंभर मीटर जाताना एखाद मीटर चढायचं म्हटलं तरी इंजिनाला जाणवतं. इथे दोन्ही तीरांची जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा थोडीच वर. पूल जहाजाच्या डोलकाठीइतका उंच करायचा तर दोन्ही बाजूंना किलोमीटरच्या किलोमीटर भराव घालावा लागेल, आणि बेटाच्या बाजूला पांबन गाव आडवं येतं. दुसरीकडे, बुटका पूल घालून खाडी बंदही करता येत नव्हती. उत्तरेचा पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेचं मन्नारचं आखात यांना जोडणारी ही किनाऱ्यालगतची वाट. मोठी जहाजं इथून जात नाहीत, तेवढं पाणीच नाही. ती श्रीलंकेला वळसा घालतात. पण शिडाची तमिळ होडी, किनारी मालाचे पडाव, आणि आज तटरक्षक दलाच्या नौका, टग, बार्ज, खोल समुद्रात जाणारे मच्छीमार ट्रॉलर यांना हीच वाट.

तेव्हा तोड निघाली ती अशी: २,०६५ मीटर लांबीचा बुटका पूल, चाळीस फुटांचे १४५ गाळे, आणि खोल पाण्याच्या जागी सुमारे दोनशे फुटांचा एकच गाळा जो उघडेल. लहान मासेमारी होड्या कुठल्याही गाळ्याखालून जाव्यात, मोठ्यांनी दाराशी यावं. जहाजाला जागा देण्याचा खर्च दोन किलोमीटर उंच बांधकामात घालायचा की दोनशे फूट यंत्रात, हा तो हिशेब होता. कंपनी सरकारी नव्हती, त्यामुळे हिशेब चोख असणार.

शेरझरची युक्ती

उघडणारा गाळा विल्यम शेरझर या अमेरिकन अभियंत्याच्या पद्धतीचा आहे. शिकागोच्या नदीवर उघडते पूल अनेक होते. ते एका जाड आसावर फिरत, आणि एवढं वजन आसावर घासत फिरवणं कटकटीचं होतं. शेरझरने आसच काढून टाकला. गाळ्याच्या मागच्या टोकाला त्याने वर्तुळखंडासारखा वक्र पाया दिला आणि तो सपाट रुळावर ठेवला. गाळा उघडायचा म्हणजे हा वक्र पाया मागे लोळवायचा. लोळता लोळता पुढचं टोक वर जातं आणि त्याच वेळी सगळा गाळा जलमार्गापासून मागे सरकतो, त्यामुळे जागा जास्त मोकळी होते. शेरझर १८९३ साली पस्तिशीत वारला. पेटंट त्याच्या मृत्यूनंतर मंजूर झालं, आणि शिकागोच्या व्हॅन ब्यूरन रस्त्यावर १८९५ साली उघडलेला त्याचा पूल त्याने पाहिलाच नाही. भावाने कंपनी चालवली आणि ही पद्धत जगभर गेली. पांबनचं लोखंड इंग्लंडमधल्या टीस नदीकाठच्या हेड राइटसन कंपनीने घडवलं आणि ते समुद्रमार्गे इथे आणून जोडलं गेलं.

पांबनला दोन कवाडं आहेत, समोरासमोर. एकेकाचं वजन ४१५ टन. मिटलेली असताना त्यांची टोकं मध्यावर भेटतात आणि रूळ एकसंध होतो. आणि ही कवाडं शंभराहून अधिक वर्षं माणसांनी हाताने उघडली. वीज नाही, वाफ नाही. लोखंडी दांडे चरकात घालायचे आणि चालत गोल फिरवायचे. चरकाची गती दातेरी चाकांतून गाळ्यापर्यंत पोहोचते. दोन्ही बाजूंची मिळून डझनभर माणसं.

४१५ टन सहा माणसं उचलतात म्हटलं की पर्यटक तोंडात बोट घालतात. खरं म्हणजे ती काही उचलत नाहीत. कवाडाच्या शेपटाकडे तेवढंच तोलाचं वजन बसवलेलं आहे. कावडीची दोन्ही भांडी सारखी भरली की खांद्यावरचा बांबू जसा एका बोटाने फिरवता येतो, तसा हा गाळा जागच्या जागी तोललेला असतो. माणसांनी घालायचा तो जोर घर्षणाशी आणि वाऱ्याशी. घर्षण ठरलेलं असतं. वारा ठरलेला नसतो, आणि उभं झालेलं कवाड म्हणजे वाऱ्यापुढे धरलेली लोखंडाची भिंत. म्हणून ते पूर्ण काटकोनात उभं करत नसत, ८१ अंशांच्या आसपास थांबवत. या पुलाबद्दल जी काही कौतुकाची विशेषणं वाचायला मिळतात, त्यांत ‘ताकद’ फार येते. माझ्या मते चुकीचा शब्द. सगळी करामत तोलाची आहे, आणि तोल ठेवायला रोज कोणीतरी लागतं.

जहाज आलं की

पांबनच्या बंदर कार्यालयापाशी एक उंच खांब आहे. वादळाची चाहूल लागली की त्याच्यावर इशाऱ्याची खूण चढते, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. मासेमारांच्या गावात बातम्यांपेक्षा या खांबाकडे आधी बघतात. जहाजांचा अर्जही याच कार्यालयात. कुणाचं जहाज, किती लांब, पाण्यात किती खोल बुडतं, उंची किती, माल काय, कुठून कुठे. आलेलं जहाज लगेच सोडत नाहीत. दोन्ही बाजूंना नांगर टाकून ती थांबतात आणि चार-सहा जमली, की बंदर कार्यालय रेल्वेकडे पूल उघडण्याची मागणी करतं. रेल्वे आपलं वेळापत्रक बघते. दोन गाड्यांच्या मधे जी मोकळीक असेल तिच्यात ‘ब्लॉक’ मिळतो: तेवढा वेळ मंडपम आणि पांबन यांच्या दरम्यान गाडी सोडायची नाही.

पण जहाजाला गाडीचं वेळापत्रक कळून उपयोग नसतो. खाडीत प्रवाह आहे, मोसमाप्रमाणे दिशा बदलणारा, कधी उत्तरेकडून दक्षिणेकडे, कधी उलट. गाळ्याच्या दोन्ही अंगांना खडक. प्रवाह पाठीशी असताना अरुंद दारातून जहाज घुसवणं म्हणजे ब्रेक नसलेली गाडी गल्लीत घालणं, असं एका जुन्या नावाड्याने समजावलं. त्यामुळे तीन घड्याळं जुळावी लागतात: रेल्वेचं, भरती-ओहोटीचं आणि वाऱ्याचं. बंदराचा पायलट जहाजावर चढतो, नाहीतर पुढे होडी घालून वाट दाखवतो.

जुन्या पुलावर पुढचं काम असं चाले. दोन्ही बाजूंचे सिग्नल लाल करून कुलूपबंद करायचे. मध्यावर रुळांचे सांधे सोडवायचे, कवाडांची टोकं एकमेकांत अडकवणाऱ्या खिट्ट्या काढायच्या. मग माणसं आपापल्या चौथऱ्यावर चढून चरकाला लागत. पाऊण तास तरी जाई. आधी मोठी जहाजं एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने, आणि त्यानंतर आतापर्यंत दबा धरून बसलेले ट्रॉलर. ते रांग वगैरे मानत नाहीत. इंजिनं खडखडवत, एकमेकांना घासत, झेंडे फडकवत एकदम घुसतात, वरच्या रस्त्याच्या पुलावर गर्दी टाळ्या वाजवते. मग पुन्हा उलटी क्रिया, आणि सगळ्यात जोखमीचा भाग: टोकं बरोबर जुळून रूळ एका रेषेत आले की नाही ते पाहणं. चार-दोन मिलिमीटरची चूक गाडीच्या चाकाला कळते.

पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बसवलेलं होतं. वारा ताशी साठीच्या आसपास गेला की सिग्नल आपोआप लाल होई, आणि मग मंडपमला गाडी तासन् तास उभी. भजन म्हणणं, इडल्या संपवणं आणि रेल्वेला शिव्या घालणं, या तिन्ही गोष्टींना भरपूर वेळ मिळे.

तेवीस डिसेंबर

२२ डिसेंबर १९६४च्या रात्री मध्यरात्रीला थोडा वेळ असताना पांबनहून धनुष्कोडीची पॅसेंजर निघाली. ती पोहोचली नाही. वादळाबरोबर आलेल्या लाटेने धनुष्कोडीच्या अलीकडे आख्खी गाडी बुडवली. किमान शंभरावर प्रवासी होते, खरा आकडा कोणालाच लावता आला नाही, कारण विनातिकीट किती होते हे मोजणार कोण. धनुष्कोडी गाव गेलं, स्थानक गेलं, धक्का गेला. आज तिथे भिंती आणि चर्चचा सांगाडा उरलाय, आणि पर्यटक तो बघून येतात.

पुलाच्या १४५ गर्डरांपैकी १२६ पाण्यात गेले. उभा राहिला तो शेरझरचा गाळा. जो भाग नाजूक, यंत्राचा, हलणारा म्हणून सगळे ज्याची काळजी करत होते, तो टिकला. जे साधे, घट्ट, न हलणारे गाळे होते, ते वाहून गेले. यात फार गूढ शोधू नये. हलणारा गाळा जड होता, मोठ्या खांबांवर होता आणि मुळात वाऱ्याचा विचार करून बांधला होता; छोटे गर्डर आपल्या वजनाने नुसते टेकलेले होते, आणि लाटेने त्यांना खालून उचललं.

दुरुस्तीचं काम आलं ई. श्रीधरन या बत्तीस वर्षांच्या अभियंत्याकडे. पुढे आपली कोकण रेल्वे बांधणारे तेच हे श्रीधरन. रेल्वेने सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी ते तीनवर आणले, काम ४६ दिवसांत झालं. नवे गर्डर देशाच्या कानाकोपऱ्यातून आणायचा बेत होता, पण स्थानिक मासेमारांनी जुने गर्डर समुद्रतळाशी कुठे पडलेत ते दाखवलं. ते ओढून काढले, तपासले, पुन्हा खांबांवर चढवले. या कामाबद्दल श्रीधरन यांना रेल्वेमंत्र्यांचं पारितोषिक मिळालं. मासेमारांना काय मिळालं याची नोंद मला कुठे दिसली नाही.

धनुष्कोडीचे रूळ पुन्हा घातले नाहीत. मार्ग रामेश्वरलाच संपू लागला.

आणि आणखी एक तेवीस डिसेंबर आहे. २०२२ सालचा. जुन्या पुलाच्या हलत्या गाळ्यावर बसवलेल्या यंत्रांनी धोक्याची सूचना दिली आणि त्या दिवसापासून पुलावरची वाहतूक थांबवली ती कायमची. वादळाच्या बरोबर अठ्ठावन्न वर्षांनी. तारखेचा योग सोडून द्या. कारण अगदी साधं होतं.

मीठ

पांबनला सकाळी दाराची कडी हाताला चिकट लागते. सायकलच्या साखळ्या, खिडक्यांचे गज, टपरीचा पत्रा, सगळं तांबूस. लोखंड गंजवण्यात जगात फ्लोरिडाच्या किनाऱ्यानंतर या जागेचा नंबर लागतो, असं रेल्वेवाले अनेक वर्षं सांगत आले आहेत. दोन्ही बाजूंना समुद्र असल्यामुळे वारा कुठूनही वाहो, खाराच येतो. जुन्या पुलावर रंगाऱ्यांची टोळी कायम असे. एका टोकाकडून रंगवत दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा मागायला लागे.

त्यात २००७ साली मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं. मूळ पूल हलक्या गाड्यांसाठी होता. पाया, खांब, गर्डर तपासून, मजबूत करून, आयआयटी मद्रासची मदत घेऊन त्यावर रुंद रूळ घातले. गाड्या रांगत, माणसाने धावत बरोबरी करावी अशा वेगाने जात. २०१३ साली नौदलाचं एक बार्ज वाहत येऊन पुलाला धडकलं, तेव्हाही पूल सावरला. म्हणजे वादळ, धडक, जास्तीचं वजन हे सगळं त्याने पचवलं. पचलं नाही ते रोजचं. वक्र पायाखालचे दाते, सांधे, रिव्हेटांच्या फटी, जिथे रंगाचा कुंचला पोहोचत नाही अशा जागा. तोलावर चालणाऱ्या यंत्रात लोखंड पातळ झालं की तोलही बदलतो, आणि मग डझनभर माणसांच्या हातांना जो जोर पुरायचा तो पुरेनासा होतो.

वर जाणारा तुकडा

नवा पूल जुन्याच्या उत्तरेला, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. रेल विकास निगमने बांधलेला, २.०८ किलोमीटर, जुन्यापेक्षा तीन मीटर उंच. गाळे शंभरच: ९९ गाळे १८.३ मीटरचे आणि हलणारा एक ७२.५ मीटरचा. खर्च सुमारे साडेपाचशे कोटी. ६ एप्रिल २०२५ला, रामनवमीच्या दिवशी, पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. खांब दुहेरी मार्गाला पुरतील असे घातलेत, रूळ तूर्त एकेरी.

याचा गाळा कवाडासारखा उघडत नाही, आख्खा आडवाच्या आडवा वर जातो. दोन बाजूंना मनोरे, मनोऱ्यांच्या माथ्यावर मोठी चाकं, त्यांवरून पोलादी दोर. दोराच्या एका टोकाला गाळा, दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन. ६६० टनांचा गाळा १७ मीटर वर जातो आणि खाली पाण्यापासून २२ मीटर जागा मोकळी होते. ही उंची योगायोगाची नाही. शेजारचा रस्त्याचा पूल तेवढाच उंच आहे. जुना शेरझर उघडला की वर आकाश मोकळं असे, डोलकाठी कितीही उंच असो. पण १९८८ साली रस्त्याचा पूल झाला आणि आकाशाला छत लागलं. त्यानंतर शेरझरने त्याहून उंच उघडून फायदा नव्हता, आणि नव्या पुलाला तर त्याहून वर जाण्याचं कारणच नव्हतं. दोन पूल शेजारी असले की कमी उंचीचा बाकीच्यांची मर्यादा ठरवतो.

हातांची जागा मोटारींनी घेतली. नियंत्रण कक्षात बसलेला माणूस पडद्यावर बघत बटण दाबतो आणि पाच-सहा मिनिटांत गाळा वर पोहोचतो. पण तत्त्व शेरझरचंच: मोटारी वजन उचलत नाहीत, तोललेली गोष्ट हलवतात. फरक असा की कवाड एका बाजूने जड झालं तर ते हाताला कळत असे. इथे गाळ्याची दोन टोकं दोन स्वतंत्र मनोऱ्यांवर आहेत, आणि ती एकसारखी चढली नाहीत तर गाळा तिरका होऊन अडकतो. त्यासाठी यंत्रणा टोकांची पातळी सतत ताडून बघते. उद्घाटनाच्याच दिवशी गाळा उतरताना अडखळल्याच्या बातम्या आल्या होत्या. वारा पन्नाशीपलीकडे गेला की हाही पूल उचलत नाहीत.

त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तपासणी करून मंजुरी दिली, पण अहवालात खरडपट्टीही काढली: नियोजनातल्या त्रुटी, वेल्डिंगबद्दलच्या शंका, आणि पूल सुरू होण्याआधीच दिसू लागलेला गंज. वेगाला मर्यादा घातली गेली, सर्वसाधारण गाळ्यांवर ताशी ७५ आणि हलत्या गाळ्यावर ५०. रेल्वेने समिती नेमली, दुरुस्त्या केल्या, मग गाडी सोडली. माझ्या मते या पुलाविषयी आतापर्यंत लिहिल्या गेलेल्या मजकुरात हा अहवाल सर्वांत उपयोगी आहे. कौतुकाच्या जाहिराती वाचून पूल कळत नाही.

मी गेलो तेव्हा विचित्र अवस्था होती. जुना पूल उतरवायचं ठरलं होतं, पण तो जागेवर होता तोवर जहाजाला जायचं तर दोन्ही दारं उघडी हवी होती. बटणाचंही आणि चरकाचंही. एका बाजूला काही मिनिटांचं काम, दुसऱ्या बाजूला घामाचं. शेरझरचा गाळा संग्रहालयात ठेवा अशी मागणी होत होती. तो कुठे ठेवायचा, गंजणार नाही अशी कोरडी जागा या बेटावर कोणती, आणि ४१५ टनांची दोन कवाडं तिथपर्यंत न्यायची कशी, हे मागणी करणाऱ्यांनी सांगितलेलं नव्हतं. उघडझाप न करणारा शेरझर ही तशीही अर्धीच वस्तू होईल. ठेवायचाच तर चरक, दांडे आणि ते फिरवणाऱ्यांच्या हजेरीची पुस्तकंही सोबत ठेवावीत.

नव्या पुलाच्या रंगाबद्दल रेल्वेचा दावा आहे की तो देखभालीशिवाय ३८ वर्षं टिकेल. आतल्या काँक्रीटमध्ये गंज न लागणाऱ्या सळ्या आहेत, गर्डरांवर समुद्री हवेसाठी बनवलेल्या खास रंगाचे थर. पांबनच्या धक्क्याजवळ एक म्हातारा मासेमार होडीला तेल पाजत बसला होता. त्याला मोडक्यातोडक्या तमिळमध्ये हा आकडा सांगितला. त्याने विचारलं, पहिली तपासणी कधी आहे.